गल्लीतलं उभं पाणी आणि सोसायटीतला डेंग्यू: दोन्हीचा माग वेगवेगळा काढा

तुमची अडचण थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. गेल्या वर्षी गल्लीचा रस्ता काँक्रीटचा झाला. तेव्हापासून पाऊस थांबला तरी सोसायटीसमोरच्या उघड्या गटारात आठ-दहा दिवस पाणी उभं राहतं. ऑगस्टमध्ये इमारतीत दोघांना डेंग्यू झाला. कमिटीत आता तीन ठराव घोळत आहेत: गटारामुळे डेंग्यू झाला असं महापालिकेला निवेदन द्यायचं, दर आठवड्याला स्वखर्चाने धूरफवारणी करायची, आणि वर्गणी काढून गटारावर स्लॅब टाकायचा. पावसाळी गटारांच्या कामावर मी बरीच वर्षं काढली आहेत आणि हिवताप विभागाच्या माणसांबरोबर चेंबरं उघडत गल्लीबोळ फिरलो आहे. त्यावरून सांगतो: निवेदन द्या, पण मजकूर बदलून. धुराचा खर्च करू नका. आणि स्लॅबची वर्गणी इतक्यात काढू नका.

आधी डेंग्यू, कारण त्यात माणसं आजारी पडत आहेत. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती. काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा, त्यातही सकाळी उजाडल्यावर आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. याची मादी अंडी घालते ती साठवलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात. सांडपाणी मिसळलेल्या गटारात वाढतो तो बहुतेक क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणून झोप मोडणारा तो हाच. हत्तीरोग त्याच्यामुळे पसरतो, डेंग्यू नाही. तिसरा ॲनोफिलिस, हिवतापाचा. शहरात त्याची स्टिफेन्सी ही जात विहिरी आणि टाक्यांच्या पाण्यावर पोसली जाते. मुंबईच्या हिवतापाचा तपास करून डॉ. बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला, त्यात बोट ठेवलं होतं ते घराघरांतल्या विहिरींवर. पुढे धार्मिक भावना दुखावतात म्हणून विरोध झाला, तरी कित्येक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. तेव्हापासून शहरातल्या डासांबद्दल एक गोष्ट पक्की आहे: नजरेला घाण दिसतं तेच पाणी दोषी असतं असं नाही.

एडिस फार लांब उडत नाही. जन्मल्या जागेपासून साधारण शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. म्हणजे तुमच्याकडच्या दोन रुग्णांना चावलेला डास तुमच्या आवारात, शेजारच्या बंगल्यात किंवा पलीकडच्या बांधकामावर जन्मलेला असण्याचीच शक्यता जास्त. निवेदनात सगळं खापर गटारावर फोडलंत तर कर्मचारी येतील, गटारात औषध मारून जातील आणि डेंग्यूचं पाणी जागच्या जागी राहील.

हे पाणी शोधायला एक टॉर्च, काठीला बांधलेला पांढरा कप आणि दोन माणसं पुरतात. रविवारी सकाळी तळघरापासून गच्चीपर्यंत जा. लिफ्टचा खड्डा कोणी बघत नाही, तिथे पाझराचं पाणी महिनोन् महिने असतं. अग्निशमनाच्या टाकीचं झाकण एका कोपऱ्याने उचललेलं असतं. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला जाळी नसते. पावसाच्या पाण्याचं गच्चीवरचं तोंड पानांनी बुजून कोपऱ्यात बोटभर पाणी राहतं. कोणीतरी सामानावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घडीत लोटाभर पाणी असतं. घरांमध्ये फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, आणि गावाला गेलेल्यांच्या फ्लॅटमधला न वापरलेला कमोड. जवळ बांधकाम चालू असेल तर तिथली पिंपं, हौद आणि ओला ठेवण्यासाठी पाणी भरून ठेवलेला स्लॅब. माझा अनुभव असा की बहुतेक सोसायट्यांमध्ये अळ्या भरपूर असलेली ठिकाणं दोन-तीनच निघतात, आणि ती पाहून लोक चकित होतात, कारण तिथून रोज ये-जा चालू असते.

कपात पाणी घेतल्यावर थोडं थांबा. अळ्या पृष्ठभागाला डोकं खाली करून तिरप्या लटकत असतील तर एडिस किंवा क्युलेक्स. पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडल्यासारख्या दिसल्या तर ॲनोफिलिस. स्वल्पविरामाच्या आकाराचे, टुणटुण उड्या मारणारे जीव दिसले तर ते कोष. दिवसा-दोन दिवसांत त्यातून डास उडणार. कोष काही खात नाहीत, त्यामुळे अळ्यांनी खाल्ल्यावर काम करणारं बीटीआयसारखं (अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासून केलेलं) औषध त्यांच्यावर चालत नाही. असं पाणी ओतून टाकायचं, आणि ते गटारात नव्हे तर उन्हातल्या कोरड्या मातीवर. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं ते याच हिशोबाने. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. पिंप घासून पुसलं नाही, तर पुढच्या पावसाळ्याचे डास आत्ताच ठेवून दिले असं समजा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या घाईत राहून जाते. डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात ताप चढल्यापासून पहिले पाच-सहा दिवस विषाणू असतो. त्या दिवसांत त्याला चावलेली मादी आठ-बारा दिवसांनी शेजाऱ्याला डेंग्यू देऊ शकते. म्हणून रुग्णाने दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपायचं. औषधगोळ्यांइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि इमारतीतली पुढची लागण थांबवायला याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

आता गटार. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण याबद्दल लोकांना चुकीचं सांगितलं जातं. पहिला प्रश्न स्वतःला विचारा: पाणी पाऊस पडत असताना तुंबतं, की पाऊस थांबल्यावर उरतं? दोन्हीला आपण ‘पाणी साचतं’ म्हणतो, पण कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. पावसात तुंबणं हा गटाराच्या मापाचा प्रश्न आहे. तुमच्या गल्लीचं पाणलोट एक हेक्टर धरू, म्हणजे दहा हजार चौरस मीटर छपरं, रस्ते आणि पेव्हर ब्लॉक. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे तिथे दहा हजार लिटर पाणी. तासाला ५० मिलिमीटरची सर आली आणि त्यातलं ९० टक्के वाहून आलं, तर सेकंदाला सुमारे १२५ लिटर. ३०० मिलिमीटर व्यासाचा सिमेंट पाइप, दोनशे मीटरला एक मीटर उतार असताना आणि आतून स्वच्छ असताना, सेकंदाला जेमतेम ६८ लिटर नेतो. ४५० मिलिमीटरचा तेवढ्याच उतारावर दोनशेच्या आसपास नेतो. रस्त्याखालून ओढ्याकडे जाणारा तुमचा पाइप ३०० चा असेल तर मोठ्या सरीत रस्त्यावर पाणी येणारच, कितीही साफसफाई करा. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यावर, १९९३ पासून कागदावर असलेल्या ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पावसाळी गटारं सुधारण्याच्या आराखड्याला वेग आला, आणि त्यात हे माप ५० वर नेण्याचं ठरलं होतं. हा खर्चाचा, मोठ्या कामाचा विषय आहे.

पण पावसात तुंबून दोन तासांत ओसरणाऱ्या पाण्यात डास होत नाहीत. उलट जोराच्या पावसात अळ्या वाहून जातात. डास होतात ते दोन पावसांमधल्या उघडिपीत, मागे उरलेल्या पाण्यात. ते उरतं तळाच्या उतारामुळे. तुमचं दुखणं हे दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि त्याला मोठा पाइप टाकून काही होणार नाही. गटाराच्या तळाला कुठेतरी उंचवटा किंवा खळगा आहे, तो शोधायचा.

त्यासाठी गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी घ्या. तीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. गेटच्या खांबावर पेन्सिलने खूण करून नळीचं एक टोक तिथे धरा. दुसरं टोक घेऊन एक जण गटाराच्या कडेने दर पाच मीटरवर थांबेल. खांबाजवळचं पाणी खुणेला टेकलं की दुसऱ्या टोकाच्या पाण्याच्या रेषेपासून गटाराच्या तळापर्यंत टेपने खोली मोजायची. तळ म्हणजे पक्का तळ, गाळावरून नाही. गाळात सळई खुपसून ती दगडासारखी थटेल तिथपर्यंत. गाळाची खोली वेगळी लिहा. समजा, गेटपाशी माप ११० सेंटिमीटर आलं, दहा मीटरवर ११३, वीस मीटरवर ११५ आणि तिसाव्या मीटरवर १०९. पाणी पुढे जायचं तर आकडा वाढत जायला हवा. इथे तो सहाने कमी झाला, म्हणजे तिसाव्या मीटरला सहा सेंटिमीटरचा बांध उभा आहे आणि त्याच्या मागे, अगदी गेटपर्यंत, पाणी अडून राहणार. गाळ काढणाऱ्यांची टोळी रोज आणलीत तरी ते पाणी हलणार नाही. गटाराच्या तळाला दहा मीटरला तीन सेंटिमीटरपेक्षा कमी उतार मी कधी पसंत केला नाही. त्याखाली गेलं की बारीक माती तळाला बसतेच.

असे बांध कुठून येतात? रस्ता काँक्रीटचा झाल्यावर हे सुरू झालं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी पहिल्यांदा गटाराचा तळच तपासेन. काँक्रीटचे मिक्सर धुतल्यावरची सिमेंटची रबडी कामगार जवळच्या गटारात सोडतात. ती तळाला बसते आणि आठवड्यात दगड होते. वरून गाळासारखीच दिसते, पण फावडं लावलं की ठणकन वाजतं. दुसरी जागा म्हणजे गेटसमोरचे रॅम्प. रस्ता उंच झाला की प्रत्येक जण गाडी घासू नये म्हणून रॅम्प नव्याने करतो आणि गटारावर चार-सहा इंची पाइप टाकून वरून काँक्रीट ओततो. वरच्या अंगाला त्याच रॅम्पमुळे शेजाऱ्याचं पाणी अडतं, आणि भांडण होतं ते महापालिकेशी. तुमच्या गल्लीतले सगळे रॅम्प मोजा, त्यात तुमच्या सोसायटीचाही. तिसरी जागा रस्ता ओलांडणारा पाइप. जुना फुटला म्हणून नवा टाकताना खाली जलवाहिनी किंवा केबल आडवी आली की तो पाइप थोडा वर बसवला जातो. मग चेंबरचा तळ पाइपच्या तोंडापेक्षा खाली राहतो. चेंबरमधून आरपार गेलेली केबल दिसली तर तिला अडकलेल्या पिशव्याही दिसतीलच.

जाळीच्या चेंबरबद्दल मुद्दाम सांगतो. कित्येक चेंबरांचा तळ पाइपच्या खाली वीस-तीस सेंटिमीटर ठेवलेला असतो, गाळ तिथे बसावा म्हणून. हेतू चांगला, पण तो गाळ वेळेवर काढला नाही तर पावसाळाभर तिथे झाकलेलं, सावलीतलं, निवांत पाणी राहतं. त्यात नुसतं पावसाचं पाणी येत असेल तर तिथे एडिससुद्धा होतो. म्हणून गटारात डेंग्यूचा डास होतच नाही असं मी म्हणत नाही. कप घेऊन चेंबरही तपासा. उपाय साधा आहे: तळ पाइपच्या तोंडापर्यंत काँक्रीटने भरून मध्ये पन्हळीसारखा उतार द्यायचा. याला बेंचिंग म्हणतात. मग गाळ चेंबरात अडणार नाही, पुढच्या पाइपात जाईल, म्हणून जाळीची सफाई जास्त वेळा करावी लागेल. मला हा सौदा मान्य आहे. जाळीवरचा कचरा येता-जाता दिसतो, चेंबरच्या पोटातलं पाणी दिसत नाही.

उघड्या गटारातला उंचवटा ब्रेकरने फोडता येतो. खळगा असेल तर तो काँक्रीटने भरून तळाला मधोमध अरुंद पन्हळ काढायची, म्हणजे थोडं पाणीसुद्धा पसरून न राहता वेगाने जाईल. हे काम गल्लीतल्या गवंड्याचं आहे, पण गटार सार्वजनिक असल्यामुळे क्षेत्रीय कार्यालयाच्या अभियंत्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका. बहुतेक वेळा मोजमापाचा कागद पाहिला की तो अभियंता स्वतःच काम काढतो, कारण त्याचंही मोजणीचं निम्मं काम झालेलं असतं.

एक तपासणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये पावसाळी गटार कोरडं ठणठणीत असायला हवं. तेव्हाही ओल वाहत असेल तर कुणाचं तरी सांडपाणी त्यात जोडलेलं आहे. संशय असलेल्या घराच्या मोरीतून रंगीत पाणी सोडलं की पुढच्या चेंबरात अर्ध्या तासात उत्तर मिळतं. सांडपाणी चालू असेपर्यंत क्युलेक्स बारा महिने राहणार, उतार कितीही छान करा. आणि मेमध्ये गाळ काढतील तेव्हा तो काठावर ढीग करून ठेवतात तो दोन दिवसांत उचलायला लावा. निथळायला तेवढे दिवस पुरतात. राहिला तर पहिल्या पावसात तो परत आत जातो.

दुरुस्ती होईपर्यंतच्या काळात काय? पाणी साचणाऱ्या भागाला आठवड्याचा एक ठरलेला वार द्या आणि त्या दिवशी खराट्याने किंवा छोट्या पंपाने ते पुढे ढकला. वार चुकवू नका. अळीनाशक टाकायचं असेल तर आरोग्य निरीक्षकाकडून टाकून घ्या, प्रमाण त्यांना माहीत असतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल कोणी ओतत असेल तर थांबवा, ते ओढ्यात आणि तिथून नदीत जातं. गप्पी मासे वापरात नसलेल्या विहिरीत, कारंज्यात, बांधकामाच्या हौदात उत्तम काम करतात. आटणाऱ्या गटारात ते मरतात, आणि ओढ्यात सोडले तर तिथल्या देशी माशांना त्रास होतो. आवारात पर्जन्यजलाचा शोषखड्डा असेल तर तोही उघडून बघा. काळ्या मातीत खणलेला किंवा वरचा वाळूचा थर बुजलेला खड्डा पाणी जिरवत नाही, नुसतं धरून ठेवतो. पावसानंतर दोन दिवसांत तो रिकामा झाला पाहिजे.

धूरफवारणीचं सांगतो. धूर फक्त उडत्या डासांना मारतो. अळ्यांना, कोषांना, अंड्यांना काही होत नाही, त्यामुळे दोन-तीन दिवसांत नवी फौज तयार असते. शिवाय एडिस दिवसभर घरात पलंगाखाली, पडद्यामागे, लटकलेल्या कपड्यांत बसतो, आणि फवारणीची गाडी येते तेव्हा आपण खिडक्या लावून घेतो. रुग्ण सापडल्यावर त्या घरात आणि आसपासच्या घरांत आतून फवारणी करणं याला अर्थ आहे, ती आरोग्य विभागाकडून जरूर मागा. दर आठवड्याच्या बाहेरच्या धुराचे पैसे एका माणसाला द्या. त्याने आठवड्यातून एकदा कप आणि टॉर्च घेऊन सगळी इमारत बघायची आणि वहीत लिहायचं. घराघरांत शिरायला सोसायटीतल्याच दोन बायका बरोबर असल्या तर दार उघडलं जातं.

निवेदनाचं म्हणाल तर एकाच कागदावर सगळी गाऱ्हाणी नकोत. गटाराच्या उताराचं पत्र मलनिस्सारण विभागाला, मोजमापाच्या तक्त्यासह. सिमेंटची रबडी आणि रस्ता ओलांडणाऱ्या पाइपचं पत्र पथ विभागाला. त्यात रस्त्याच्या कामाचा दोषदायित्व कालावधी अजून चालू आहे का हे विचारा, चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी. शेजारच्या बांधकामावरच्या अळ्यांचं पत्र कीटक प्रतिबंधक विभागाला, फोटो आणि तारखेसह. त्यांना नोटीस देण्याचा आणि दंड करण्याचा अधिकार आहे. प्रत्येक पत्रात पाऊस कधी थांबला आणि पाणी कितव्या दिवशीही उभं होतं हे लिहा. ‘नेहमी पाणी साचतं’ या वाक्यावर कोणी हलत नाही. ‘१२ तारखेला पाऊस थांबला, २१ तारखेला तिसाव्या मीटरच्या मागे सहा सेंटिमीटर पाणी होतं’ यावर जागेवर यावं लागतं. तिन्ही पत्रांची पोच घ्या.

शेवटी स्लॅब. उतार दुरुस्त होण्याआधी टाकलात तर पाणी तसंच राहील, फक्त दिसेनासं होईल. सांध्यांमधून आणि भोकांमधून डास ये-जा करतील, खराटा आत जाणार नाही, आणि पुढच्या वर्षी गाळ काढायला तोच स्लॅब फोडावा लागेल. उतार झाला, पुढच्या पावसाळ्यात दोन-तीन मोठ्या पावसांनंतर दोन दिवसांत गटार रिकामं होतं हे वहीत दिसलं, की मग खुशाल झाका. तेव्हाही जागेवर ओतलेला सलग स्लॅब घेऊ नका. दोन माणसांना कडी धरून उचलता येतील अशी तयार काँक्रीटची सुटी झाकणं घ्या, आणि रस्त्याचं पाणी आत यायला ठरावीक अंतरावर लोखंडी जाळी ठेवा. रॅम्पखाली मात्र गाडीचं वजन येतं, तिथली झाकणं जाड सळईची लागतील. ती किती जाड हे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या.